गॅरार्ड ४०१ वर नवा टोनआर्म: द्रुत बंदिशीपर्यंत आवाज स्वच्छ ठेवायचा तर मांडणी कोणती?

मंद्रसप्तक (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सागवानी प्लिंथमध्ये (लाकडी चौकटीत) बसवलेलं गॅरार्ड ४०१ टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र आहे. हे मॉडेल १९६५ साली आलं, आणि मोटर आणि आयडलर (मोटरची गती थाळीला देणारं चाक) यांची नीट निगा राखली तर आजही कुणाला हार जाणार नाही असं यंत्र आहे. त्यावर इतकी वर्षं रेगा आरबी३०० टोनआर्म (सुई धरणारा हात) होता. १९८३ सालचं हे डिझाइन मला आजही आवडतं: अ‍ॅल्युमिनियमची एकसंध ओतीव नळी, घट्ट बेअरिंग, उगाच नखरे नाहीत. पण त्याला उंची बदलायची सोय नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी पेटी) बदललं की आर्मखाली शिम (पातळ चकत्या) घाला, परत काढा, असं चालतं.

आता एका जाणत्या संग्राहकाकडून एसएमई सीरिज ५ मिळाला आहे. मॅग्नेशियमची नळी, सुईचा दाब स्प्रिंगच्या डायलवर, आणि पूर्ण पाया पुढेमागे सरकवता येतो. सोबत ऑर्टोफॉन क्विंटेट ब्लॅक घेतलंय, शिबाता टोकाचं. आजवर डेनॉन डीएल-१०३ वाजवत होतो, त्याची सुई गोल टोकाची. गोल टोक चुकीच्या कोनातही बरंच सांभाळून घेतं. शिबाता ते करत नाही, म्हणून या वेळी मांडणी, म्हणजे सुई खाचेशी सरळ यावी यासाठी कार्ट्रिजची जागा आणि कोन जुळवणं, मनापासून करायची आहे.

माझा मुख्य प्रश्न असा. परदेशी मंचांवर मांडणीची जी चर्चा होते ती बहुतेक रॉक, जाझ नाहीतर सिंफनीच्या तबकड्या डोळ्यांसमोर ठेवून होते. आपल्या ख्यालाच्या एलपीचं गणित वेगळं आहे. बाजू सुरू होते ती संथ आलापीने, कडेच्या खाचांत, जिथे सुईला सगळ्यात सोपं असतं. आणि भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची द्रुत बंदीश, तार सप्तकातल्या ताना, तबल्याचे जलद बोल येतात ते बरोबर लेबलजवळच्या खाचांत. ३३⅓ च्या वेगाला कडेची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी सरकते, आणि आतली फक्त २१ सेंमी. म्हणजे सगळ्यात दाट संगीत सगळ्यात कमी जागेत कोरलेलं. कान टवकारावेत अशा जागीच आवाज खरखरीत होतो.

तर अशा संग्रहासाठी लोफग्रेन, बेअरवाल्ड, स्टीव्हन्सन यांतली कोणती मांडणी लावावी? आणि आर्म बसवण्याआधी काय काय तपासावं? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खटपट्या (ठाणे)

उत्तम विषय. मांडणीकडे नंतर येऊ. आधी आर्मचं वस्तुमान आणि कार्ट्रिजची लवचीकता (सुईची दांडी किती सहज लवते ते) जुळते का ते बघा. ते जुळत नसेल तर पुढची मेहनत फुकट.

आर्मचं परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या कंपनसंख्येला थरथरतात ती हर्ट्झमध्ये येईल. ते ८ ते १२ मध्ये हवं. खाली गेलं तर तबकडीच्या वाकडेपणाला आर्म नाचतो, वर गेलं तर खर्जाच्या खालच्या भागात नको ती भर पडते.

तुमचं गणित: ११ + ९ + ०.५ = २०.५ ग्रॅम, लवचीकता १५. उत्तर साधारण ९.१ हर्ट्झ. छान जुळतंय.

एक गोष्ट खास सांगतो, कारण आपल्याकडे डीएल-१०३ पुष्कळ जण वापरतात. त्याची कागदावरची लवचीकता ५ दिलेली असते, पण ती १०० हर्ट्झला मोजलेली असते. जपानी कंपन्यांची पद्धत तशीच. आपल्या गणिताला १० हर्ट्झचा आकडा लागतो, आणि तो दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. ५ च धरलात तर आरबी३०० वर उत्तर पंधराच्या वर जातं आणि माणूस घाबरून हेडशेलवर (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या भागावर) वजनं चिकटवतो. १० धरलेत तर ११ येतं. म्हणजे तुमची जुनी जोडीही बरोबरच होती.

सागवान (कोल्हापूर)

लाकडाबद्दल लिहितो, बाकीचं जाणकार बघतील.

आरबी३०० साठी पिव्हट (आर्म फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (तबकडीच्या मधली खुंटी) अंतर २२२ मिमी असतं, एसएमई ५ ला २१५ च्या आसपास. शिवाय रेगाला एक गोल भोक पुरतं, एसएमईला लांबट खाच लागते. जुन्या आर्मबोर्डात (आर्म बसतो त्या फळीत) नवीन खाच कोरायच्या फंदात पडू नका, दोन्ही भोकं एकमेकांत घुसतील. नवा बोर्ड करा. सागवान दिसायला देखणं आहे, पण कोकणात किंवा कोल्हापुरातल्या पावसात एकसंध फळी थोडी तरी हलतेच. मी बर्च प्लायवर सागवानाचा पातळ थर देतो. सुताराला नमुना कागदावर देऊ नका, पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा कापून द्या.

बोर्ड बसल्यावर लेव्हल प्लॅटरवर (फिरत्या थाळीवर) ठेवून यंत्र समपातळीत आणा, मग तीच लेव्हल आर्मबोर्डवर ठेवून बघा. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी हवा. एसएमई ५ ला सुई डावी-उजवी कलती करायची सोय नाही, त्यामुळे बोर्ड कलला तर सुईही कललेलीच राहणार.

गणिती गवय्या (मुंबई)

मंद्रसप्तक, तुमचा प्रश्न खूप दिवसांनी कुणी नीट विचारलाय. आकड्यांत उत्तर देतो.

लोफग्रेनने ही भूमिती १९३८ मध्ये मांडली, बेअरवाल्डने १९४१ मध्ये. ज्याला आपण बेअरवाल्ड म्हणतो ती आणि लोफग्रेनची पहिली मांडणी एकच. तीत सुई खाचेला अचूक स्पर्शरेषेत येते ते दोन बिंदू केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर असतात. स्टीव्हन्सनने १९६६ मध्ये आतला बिंदू थेट ६०.३ मिमीवर, म्हणजे प्रमाणित एलपीच्या अगदी शेवटच्या खाचेवर नेला. बाहेरचा ११७.४ वर.

पिव्हट-स्पिंडल अंतर २१५ मिमी धरलं, तर कोनातली चूक अशी येते. बेअरवाल्डमध्ये शेवटच्या खाचेत ०.७७ अंश, मधल्या भागात जास्तीत जास्त १.१०, कडेला १.८७. स्टीव्हन्सनमध्ये शेवटच्या खाचेत शून्य, मध्ये १.२६, कडेला २.२८. कडेला चूक मोठी दिसते, पण तिथे खाच वेगाने सरकते म्हणून ती कमी ऐकू येते. आवाजातली विकृती ठरते ती चुकीला त्रिज्येने भागून.

आता त्याहून महत्त्वाचं. ओव्हरहँगमध्ये (सुई स्पिंडलच्या पुढे जाते त्या अंतरात) फक्त १ मिमी जास्त झालं, तर कडेच्या खाचेत चूक जेमतेम ०.३ अंशाने वाढते. शेवटच्या खाचेत जवळजवळ १ अंशाने. तिप्पट! म्हणजे ढिसाळ मांडणीची शिक्षा विलंबिताला होतच नाही, सगळी द्रुतच्या वाट्याला येते. म्हणून आपल्या संग्रहाला कोणती मांडणी हा प्रश्न दुसरा. ती अर्ध्या मिमीच्या आत लागली आहे का, हा पहिला.

नाट्यगीतप्रेमी (सांगली)

माझं मत स्पष्टपणे स्टीव्हन्सन. माझ्याकडे एलपींइतक्याच भावगीत-नाट्यगीतांच्या ४५ च्या ईपी आहेत, आणि त्यांची आतली खाच एलपीपेक्षाही आत जाते. तिथे बेअरवाल्ड लावलं की शेवटच्या अंतऱ्यातला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फुटतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० ला कंपनी १५ मिमी ओव्हरहँग सांगते, ते स्टीव्हन्सनच्या जवळचं आहे. जपान्यांनी ते विचार करूनच ठेवलं असणार. मधल्या भागातला किंचित फरक मी आनंदाने सोसतो, पण गाणं संपताना आवाज चिरकलेला मला चालत नाही.

खटपट्या (ठाणे)

नाट्यगीतप्रेमी, ईपींसाठी तुमच्याशी सहमत. पण मंद्रसप्तकांच्या आर्मवर शुद्ध स्टीव्हन्सन बसणारच नाही.

स्टीव्हन्सनला ऑफसेट कोन (कार्ट्रिज आर्मशी जितकं तिरकं बसतं तो) २२.६ अंश लागतो, बेअरवाल्डला २३.७. ज्या हेडशेलला लांबट खाचा असतात, तिथे कार्ट्रिज एक अंश फिरवता येतं. एसएमई ५ च्या हेडशेलला गोल भोकं आहेत. कोन कारखान्यातून ठरून आलेला, तुम्ही फक्त पाया सरकवायचा. उगाच भोकं घासून मोठी करू नका, त्या आर्मची ती खुबी आहे.

गणिती गवय्या (मुंबई)

खटपट्या, बरोबर. पण पाया सरकवण्यातच एक मधली वाट आहे, ती मांडतो.

ऑफसेट कोन आणि सुईपर्यंतची लांबी कायम असेल, तर दोन बिंदूंच्या त्रिज्यांची बेरीज बदलत नाही. बेअरवाल्डला ती १८६.९ आहे. पाया स्पिंडलपासून थोडा मागे घेतला की आतला बिंदू आणखी आत जातो, बाहेरचा तेवढाच बाहेर. साधारण ०.५५ मिमी मागे घेतलं तर आतला बिंदू ६६ वरून ६२ वर येतो, बाहेरचा १२४.९ वर. शेवटच्या खाचेतली चूक ०.७७ अंशांवरून ०.२५ वर उतरते. कडेची १.८७ वरून १.६५. किंमत मोजावी लागते ती मधल्या भागात, तिथे १.१० ची १.४५ होते.

म्हणजे विलंबित संपून मध्यलय सुरू होते त्या भागात थोडं देऊन द्रुत सुधारायची. मला हा सौदा ख्यालासाठी पटतो. मात्र आधी पट्टी घ्या आणि तुमच्या तबकड्या मोजा: स्पिंडलच्या मध्यापासून शेवटच्या वाजणाऱ्या खाचेपर्यंत. संगीत ७० मिमीच्या बाहेरच संपत असेल तर यातलं काहीच करू नका, साधं बेअरवाल्ड उत्तम. लेबलला लागून जात असेल तरच पाया मागे घ्या.

नवखी (नाशिक)

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक मूलभूत शंका: एक-दीड अंशाचा फरक खरंच कानाला कळतो का? माझ्या वडिलांच्या संग्रहातल्या जुन्या एलपींवर शेवटी खरखर येतेच, मग ती मांडणीची की तबकडीच झिजलेली?

खटपट्या (ठाणे)

फार महत्त्वाचं विचारलंत, ताई. दोन्ही असू शकतं, आणि ओळखता येतं.

जुन्या काळी जड पिकअपवर, झिजलेल्या सुईने वाजलेली तबकडी आतल्या भागात कायमची दुखावलेली असते. ती कुठल्याही मांडणीने बरी होत नाही. कधीकधी शिबातासारखं टोक खाचेच्या भिंतीचा न झिजलेला भाग पकडतं आणि आवाज सुधारतो, पण तो नशिबाचा भाग. फरक कळण्यासाठी कमी वाजलेली तबकडी घ्या, जिच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत भरलेल्या आहेत. तिच्यावरही आत खरखर असेल तर दोष मांडणीत, सुईत किंवा दाबात.

आणि कळतो का? तानपुऱ्याच्या नादात नाही कळणार. तार षड्जावर ठेवलेल्या आकारात कळतो, आणि तबल्याच्या चाटेवर कळतो. सुई बरोबर असली की चाटेचा ठोका सुटा ऐकू येतो, नसली की तो गायकाच्या आवाजावर सांडतो.

न्यूजर्सीकर (एडिसन)

इकडून दोन गोष्टी, भारतात यंत्र नेणाऱ्यांसाठी.

गॅरार्ड ३०१ किंवा ४०१ अमेरिकेतून घेत असाल तर मोटरवरची पुली ६० हर्ट्झची असते. पुण्यात ५० हर्ट्झवर ती लावलीत तर वेग सहाव्या हिश्शाने कमी होतो. वेग जुळवायचं चुंबकीय बटण इतका फरक भरून काढू शकत नाही, पुलीच बदलावी लागते. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हा प्रश्न सुटत नाही, तो फक्त व्होल्ट बदलतो.

दुसरं, एसएमईने २०१९ च्या डिसेंबरात सुटे आर्म विकणं बंद केलं, आणि जपानची जेल्को २०२० मध्ये बंद पडली. त्यामुळे चांगला आर्म हवा तर बरेच जण आता जुन्या मालाकडे वळतात. घेताना दाब शून्यावर ठेवून आर्म तरंगता संतुलित करा आणि हलकी फुंकर मारा. तो सावकाश जाऊन कुठेही न अडकता थांबला पाहिजे. मग हेडशेल बोटांत धरून अगदी हळू पुढेमागे करून बघा. पिव्हटपाशी खुटखुट जाणवली तर घेऊ नका, कितीही चकचकीत असला तरी.

नाट्यगीतप्रेमी (सांगली)

अँटिस्केटिंगबद्दल (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून द्यायच्या उलट ताणाबद्दल) कुणी बोललं नाही अजून. मी खाचा नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर सुई ठेवतो आणि आर्म जागेवर थांबेल इतकं लावतो. ठीक आहे ना?

गणिती गवय्या (मुंबई)

त्या पद्धतीवर विसंबू नका असं मी म्हणेन. सुई आत ओढली जाते कारण खाचेतल्या घर्षणाची दिशा ऑफसेटमुळे पिव्हटमधून जात नाही. पण गुळगुळीत तबकडीवर सुईचं फक्त टोक टेकतं, आणि खाचेत ती दोन भिंतींवर टेकते. घर्षण वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं येतं.

त्यापेक्षा चाचणी तबकडीवरच्या वाढत्या पातळीचे सूर वाजवा. आतली भिंत म्हणजे डावी वाहिनी, बाहेरची म्हणजे उजवी. उजवी आधी फुटली तर अँटिस्केटिंग वाढवा, डावी आधी फुटली तर कमी करा. चाचणी तबकडी नसेल तर जोरकस आवाजाची, भरगच्च, कमी वाजलेली एलपी घेऊन शेवटच्या भागात हेच ऐका.

मंद्रसप्तक (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. आर्म बसवून झाला, काय केलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

सागवान यांच्या सल्ल्याने बर्च प्लायचा नवा बोर्ड करून घेतला. तारा जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद, सुईवर टोपण. पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. कार्ट्रिजच्या पिनांवर कधीही सोल्डरचा डाग देऊ नये, कॉइल उष्णतेने जाते.

आधी तबकड्या मोजल्या. गणिती गवय्या, तुमची शंका रास्त होती. भावगीतांच्या बऱ्याच एलपी ७० मिमीच्या बाहेरच थांबतात. ख्यालाच्या पुष्कळशा मात्र ६६ च्या आत जातात. मी ऐकतो त्यातला मोठा वाटा ख्यालाचाच, म्हणून मधली वाट धरली.

प्रोट्रॅक्टर (सुईचे बिंदू आणि कोन दाखवणारा छापील नमुना) छापून घेतला तेव्हा पोलादी पट्टीने त्यावरची मापाची रेघ तपासली. प्रिंटर बऱ्याचदा पान बसवण्यासाठी चित्र थोडं लहान करतो, आणि इथे अर्धा मिमीही मोठा आहे. कागद पातळ आरशावर चिकटवला. आरशात सुईच्या दांडीचं प्रतिबिंब दांडीशी एका रेषेत दिसलं की कोन बरोबर. डोळा सरळ समोर हवा, टेबललॅम्प मागून. कार्ट्रिजच्या पेटीकडे बघू नये, दांडीकडेच बघावं. पेटी सरळ असून दांडी किंचित तिरकी असू शकते. पाया सरकवताना प्रत्येक वेळी आर्म उचलून ठेवला.

दाबासाठी सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा वापरला. त्याची वाटी लोखंडी असेल तर एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिजचं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून वर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी ठेवून काटा शून्यावर आणला. सुई जिथे टेकते ती जागा तबकडीच्या पृष्ठभागाच्या उंचीला असावी हेही सांभाळलं. २.३ ग्रॅमवर थांबलो. दाब ठरल्यावर मांडणी पुन्हा तपासली, कारण दाबाने दांडी लवते आणि सुई किंचित पुढेमागे होते.

आवाजाबद्दल: शेवटच्या द्रुतात आता हार्मोनियम आणि गळा वेगळे राहतात. तिहाई येते तेव्हा चाट कुठे पडली ते दाखवता येईल इतकी सुटी ऐकू येते. मधल्या भागात काही गमावलं असेल तर मला ते ऐकू येत नाही. नाट्यगीतप्रेमी, ईपींवर मात्र तुमचंच बरोबर, तिथे अजून थोडी कसर आहे.

एक प्रश्न उरला. आर्मची उंची. काही जण सुईचा कोन ९२ अंश हवा म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात. तितकं करावं का?

खटपट्या (ठाणे)

या लांबीच्या आर्मला एक अंश बदलायचा तर पिव्हट सुमारे ४ मिमी वरखाली करावा लागतो. जाड आणि पातळ तबकडीतला फरक त्याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे प्रत्येक तबकडीला उंची बदलण्यात अर्थ नाही. कार्ट्रिजची वरची बाजू तबकडीला समांतर ठेवा, तिथून मिलिमीटरभर वरखाली करून तोच द्रुत तुकडा ऐका. आवाज तीक्ष्ण आणि पातळ झाला तर खाली, झाकोळला तर वर. पसंत पडलं की स्क्रू घट्ट करा. आणि उंची बदललीत तर ओव्हरहँग पुन्हा बघा.

नवखी (नाशिक)

माझ्याकडे वडिलांचं टेक्निक्स आहे, त्याच्या हेडशेलला लांबट खाचा आहेत. म्हणजे मी स्टीव्हन्सनही लावू शकेन ना? आमच्याकडे निम्म्याहून जास्त ईपीच आहेत.

गणिती गवय्या (मुंबई)

हो, तुम्हाला तेच योग्य. पिव्हट-स्पिंडल अंतर २१५ मिमी धरून प्रोट्रॅक्टर छापा, आतला बिंदू ६०.३, बाहेरचा ११७.४. आधी आतला जुळवा, मग बाहेरचा, मग परत आतला. कार्ट्रिज हेडशेलमध्ये थोडं तिरकं बसल्यासारखं दिसेल, त्याने गोंधळू नका, दांडीच बघा. छापल्यावर मापाची रेघ पट्टीने मोजा आणि आकडा इथे टाका, मी तपासून देतो.